नायगारा सोडून लॉकपोर्टला

मंगलाताई,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुमच्याच कुकरमध्ये वरणाची डाळ लावली होती. मुग्धा फोन कानाला धरून जिना उतरली, शेवटच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आई, आई गेली." ती तुम्हाला आई म्हणायची आणि मलाही आईच म्हणते, त्यामुळे वाक्य ऐकायला जरा विचित्र झालं. तुम्ही असतात तर आधी ते वाक्य दुरुस्त केलं असतंत आणि मग रडला असतात. मी तिच्याजवळ जाऊन बसले. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत राहिला, बंद करायला कुणी उठलं नाही आणि डाळीचा पार लगदा झाला. संध्याकाळी प्रशिक, इरा आणि मी तोच लगदा भातावर घेऊन जेवलो. इराने दुसऱ्यांदा मागून घेतला.

मुग्धा त्याच दिवशी साताऱ्याला निघाली. प्रशिकला जाता आलं नाही. त्याच्या व्हिसाचं स्टॅम्पिंग राहिलंय, एकदा देशाबाहेर पडला की परत कधी येऊ देतील सांगता येत नाही. इराला बघायला कुणीतरी हवंच होतं, म्हणून मी इथे बफेलोतच थांबले. म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रसंगाला तुमची विहीण हजर नव्हती. साताऱ्यात त्यावरून कुणी काही बोललं असेल तर बोलू दे. आपल्या दोन घरांत प्रसंगाला गैरहजर राहण्याची सुरुवात मी केलेली नाही.

इरा मोठी झाली की हे कुणाकडून तरी वाचून घेईल, म्हणून तिच्यासाठी सरळच लिहून टाकते. तुम्ही साताऱ्याच्या ब्राह्मण, आम्ही नागपूरचे बौद्ध. माझा मुलगा आणि तुमची एकुलती एक मुलगी पुण्याला कॉलेजात भेटले, मागेपुढे अमेरिकेत शिकायला आले आणि लग्नासाठी नागपूरला परतले. लग्नाला तुम्ही आला नाहीत. तुमच्याकडून कुणीच आलं नाही. मुग्धाच्या बाजूला उभं राहायला माझ्या टेलिफोन एक्सचेंजमधल्या मैत्रिणी होत्या. त्या इतक्या हौसेने उभ्या राहिल्या की फोटोत नवरी शोधावी लागते. पुढे इरा झाली. बाळाच्या आईला आई लागते, म्हणून तुम्ही बफेलोला आलात. आणि त्यानंतर मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मुलांच्या तिकिटांच्या घोळामुळे आपण दोघी एकाच वेळी एकाच घरात सापडलो.

पहिला आठवडा आठवतो ना? तुम्ही पहाटे उठून स्वतःपुरता स्वयंपाक करून ठेवायच्या. मी उठेपर्यंत ओटा कोरडा. मी म्हटलं, माझ्या हातचं चालत नाही का, तर तुम्ही म्हणालात, "तसं नाही हो, लवकर उठायची सवय आहे." मी मनात म्हटलं, बरं. मग एके दिवशी मी पाटोडीचा रस्सा केला, आमच्याकडचा, तेलाचा तवंग आलेला. वास वर तुमच्या खोलीपर्यंत गेला. तुम्ही ताटली घेऊन खाली आलात आणि म्हणालात, "चवीपुरता द्या." चवीपुरत्या तुम्ही चार पोळ्या खाल्ल्यात. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि तरी वाटी पुसून घेतलीत. दुसऱ्या दिवसापासून तुमची पहाटे उठायची सवय गेली. मी त्यावर एक शब्द बोलले नाही. हे माझ्या स्वभावात बसत नाही हे तुम्हाला पुढे कळलंच, तेव्हा त्या गप्प राहण्याची किंमत करा.

त्यानंतर आपलं भांडण स्वयंपाकावरून भाषेवर गेलं. मी इराला म्हणायचे, "काय करून राहिली गं?" आणि तुम्ही वर्तमानपत्राच्या मागून म्हणायच्या, "काय करतेस." मुलं आपल्याला नायगारा दाखवायला घेऊन गेली तेव्हा तर कहरच झाला. लोक रेनकोट घालून भिजत होते, कुणी सेल्फी काढत होतं, आणि मी म्हटलं, "पाहा न बाप्पा, किती पाणी पडून राहिलं." तुम्ही माझ्याकडे वळून, त्या सगळ्या गडगडाटात, गळ्याच्या शिरा ताणून म्हणालात, "पडून राहिलेलं नाही. पडून राहिलं म्हणजे एका जागी लोळत पडलं. हे पडतंय." मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्या जगाचं पाणी पडूनच राहते. मुग्धा आणि प्रशिक रेलिंगपाशी दुसरीकडे बघत उभे होते, आपल्या दोघींशी ओळख नसल्यासारखे.

नायगाऱ्याचं तुम्हाला फारसं कौतुक नव्हतं. परत येताना गाडीत तुम्ही म्हणालात, "पाणी वरून खाली पडतं, त्यात त्याचं काय कर्तृत्व? सोडलं की पडणारच." आणि मग मुलींच्या शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवल्याच्या आवाजात तुम्ही सांगितलंत, की हाच कडा पुढे मैलोन् मैल गेला आहे, आणि जवळच लॉकपोर्ट नावाच्या गावी दोनशे वर्षांपूर्वी लोकांनी ह्याच कड्यावर बोटी चढवल्या. एरी कालव्यावर. पंप नाही, दोर नाही, नुसतं पाणी वापरून. ते बघायचं. प्रशिक म्हणाला, नेक्स्ट वीकेंड जाऊ. पुढच्या वीकेंडला इराला ताप आला. त्याच्या पुढच्याला कुणाचा तरी बार्बेक्यू. तिसऱ्याला ऑफिसचं काही रिलीज होतं. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बसून बसचं वेळापत्रक शोधलंत.

एका सकाळी इरा डेकेअरला, प्रशिक ऑफिसला, आणि मुग्धा वर हेडसेट लावून मीटिंगमध्ये. तुम्ही दारातून तिला म्हणालात, "आम्ही लायब्ररीत जाऊन येतो." तिने अंगठा दाखवला. लायब्ररीत जाताना कुणी पोळी-भाजीचा डबा, दोन शाली, छत्री आणि लोणच्याची बाटली नेत नाही, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. सत्याच्या शास्त्राची मास्तरीण एवढं खोटं इतक्या सहज बोलते, हे पाहून माझा तुमच्याबद्दलचा आदर त्या क्षणी बराच वाढला.

बसमध्ये आपण दोघी आणि ड्रायव्हर. वाटेत चढणारे सगळे आपल्या साड्यांकडे बघून हसायचे, आणि तुम्ही प्रत्येकाला "गुड मॉर्निंग" म्हणायच्या, शाळेत वर्गात शिरल्यासारख्या. एका मुलाने सीटवर पाय ठेवले होते, ते त्याने तुमच्या नुसत्या बघण्याने खाली घेतले.

लॉकपोर्टला उतरलो तर गावात सामसूम. तुम्ही चष्मा पुसत पुसत कालव्याच्या काठी बसलेल्या एका माणसाला विचारलंत, "एक्स्क्यूज मी, परतीची बस किती वाजता?" त्याने उत्तर दिलं नाही. तुम्ही परत विचारलंत, जरा मोठ्याने. मी जवळ आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो पितळेचा आहे. जुन्या काळी कालव्याची दारं उघडणाऱ्या कामगारांचे पुतळे बसवले आहेत तिथे, माणसाच्या उंचीचे, अगदी सहज बसल्या-उभ्यासारखे. तुम्ही चष्मा डोळ्यावर चढवलात आणि म्हणालात, "उत्तम काम आहे." बस किती वाजता ते आपल्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

आणि मग तो कालवा. मी खरं सांगते, मला फक्त सहल हवी होती. बोटी चढतात की बुडतात याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. पण आपण पर्यटकांच्या बोटीत बसलो, बोट दोन उंच भिंतींमध्ये शिरली, मागची लोखंडी दारं हळूहळू मिटली आणि आपण विहिरीच्या तळाशी असल्यासारखे झालो. वर आकाशाची एक पट्टी. भिंतींवर शेवाळ, पाणी ठिबकतंय. मी तुमचा हात धरला. तुम्ही तो सोडवून घेतलात, कारण तुम्हाला हातवारे करायला दोन्ही हात हवे होते.

"दारं बघा," तुम्ही म्हणालात. "सरळ नाहीत. वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात. पाणी जितकं ढकलेल तितकी घट्ट बसतात. कुलूप नको, कडी नको. पाण्यालाच पहारेकरी केलंय." मग खालून पाणी यायला लागलं, आवाज नाही, उसळी नाही, आणि बोट वर वर निघाली. भिंतीवरचं शेवाळ खाली गेलं. आधी लोकांचे बूट दिसले, मग गुडघे, मग काठावर उभ्या असलेल्या एका बाईच्या हातातला कुत्रा. एवढ्या लोकांसकट एवढी मोठी बोट अशा दोन हौदांतून चार-पाच मजले चढली आणि कपातला चहासुद्धा हिंदकळला नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. एकट्यानेच. मग मीही वाजवल्या, म्हणजे तुम्ही एकट्या पडायला नकोत.

तिथेच आपलं मोठं भांडण सुरू झालं. मी सहज म्हटलं, आपली बोट मोठी आहे, तिनेच अर्धी जागा अडवली, म्हणून भरायला पाणी कमी लागलं असेल. तुम्ही इतक्या जोरात "अजिबात नाही" म्हणालात की गाइड बोलायची थांबली. बोट आधीपासून आत तरंगत होती, पातळी जेवढी चढवायची तेवढंच पाणी लागणार, मग बोट हत्तीएवढी असो की परातीएवढी. डब्यात वाटी तरंगत ठेवून तुम्ही मला ते करूनही दाखवलंत. लोणचं घ्यायला आणलेली वाटी. भाजीत पाणी गेलं, पण मला पटलं. एवढ्यात बोट वरच्या दारातून बाहेर पडली आणि मी मागे वळून बघितलं. म्हटलं, "आपण निघालो. आपण होतो त्या जागी खड्डा राहिला का?"

"खड्डा कसा राहील? पाणी आलं तिथे."

"कुठून आलं?"

तुम्ही मागे वळून दाराकडे बघितलंत. मग म्हणालात, "वरच्या कालव्यातून."

"म्हणजे मोठ्या बोटीला जास्तच पाणी लागलं की नाही?"

"ते वेगळं आहे," तुम्ही म्हणालात, आणि पुढचा अर्धा प्रवास बोलला नाहीत. मी विचारलं, रागावलात का. तुम्ही म्हणालात, "नाही हो. मला वर्गात हे कुणी विचारलंच नाही कधी. का विचारलं नसेल?" तुमच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मला वाटलं, नायगारा कुठे आणि हे कुठे.

बोटीतून उतरल्यावर शेजारचा जुना, बोटींचा जिना पाहिला. एकाखाली एक पाच हौद, दगडात कोरलेले, हातांनी आणि सुरुंगांनी. तिथला एक दाढीवाला स्वयंसेवक सांगत होता, की खडक फोडायला आयर्लंडहून आलेले मजूर होते, आणि त्यांतले बरेच दगावले. मी विचारलं, त्यांची नावं कुठे लिहिली आहेत का? तो म्हणाला, फार थोडी. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

मग त्याने विचारलं, दार ढकलून बघणार का? जुन्या पद्धतीची लाकडी दारं पुन्हा बसवली आहेत तिथे. दाराला एक लांबलचक तुळई, ती पाठीने रेटायची. त्याचं विचारणं पुरं व्हायच्या आत तुम्ही पर्स माझ्याकडे दिलीत, पदर खोचलात आणि तुळईला पाठ लावलीत. मीही पर्सा खाली ठेवून शेजारी उभी राहिले. रेटलं. काही नाही. पुन्हा रेटलं. जणू सह्याद्री. तो हसून म्हणाला, थांबा, अजून दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलेलं नाही, आत्ता दहा माणसं आली तरी हलणार नाही. आपण तशाच पाठ टेकून थांबलो. मग त्याने खूण केली, आणि ते एवढं अजस्र दार दोन म्हाताऱ्यांच्या पाठीने हलकं हलकं उघडलं. तुम्ही मागे मागे चालत राहिलात, अगदी टोकापर्यंत. नंतर मागे रांगेत एक कुटुंब थांबलं होतं तरी तुम्ही म्हणालात, आता बंद करून बघू.

जेवायला आपण तिथल्याच बाकावर बसलो. भाजीत पाणी गेलेलं, त्यामुळे पोळी-लोणचं. लोणचं बोटाला लावून चाटता चाटता तुम्ही माझ्या साडीकडे बघितलंत. म्हणालात, हा जांभळा रंग तुम्हाला शोभत नाही, पण साडी सुरेख आहे. आणि मग, मला साडीचं उत्तर द्यायला वेळ न देता, समोरच्या दाराकडे बघत म्हणालात, "मी लग्नाला आले नाही. मी सगळ्यांना सांगितलं, माझे भाऊ नको म्हणतात. भाऊ म्हणाले होते, तुझं तू ठरव. मीच ठरवलं. ते चुकलं."

मी दोन घास खाल्ले. मग म्हटलं, "हो. चुकलं."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "मला वाटलं तुम्ही म्हणाल, असू दे."

"नाही म्हणणार."

"बरोबर आहे," तुम्ही म्हणालात.

समोर ते दार पुन्हा कुणीतरी रेटत होतं. मला रडू येईल असं वाटलं आणि रडण्यापेक्षा मी खरं बोलून टाकलं. म्हटलं, "ही साडी तुमची आहे. विहिणीचा मान म्हणून घेतली होती, नागपूरच्या महाल भागात तीन दुकानं फिरून. मुग्धाला विचारून रंग निवडला, की आईला जांभळा आवडतो. तुम्ही आला नाहीत. मग पडून राहण्यापेक्षा मीच नेसायला लागले."

तुम्ही साडीचा काठ चिमटीत धरलात, उलटसुलट केलात, आणि म्हणालात, "मग मला परत द्या."

"इतकी वर्षं नेसले आहे मी."

"चालेल. धुऊन द्या."

बस कधी निघून गेली ते आपल्याला कळलंही नाही. आपण इतक्या हसत होतो की तो दाढीवाला माणूस दोनदा बघून गेला.

बाकीचं मुलांच्या तोंडून तुम्ही पुष्कळदा ऐकलंत, पण मला पुन्हा सांगायला आवडतं. दिवसातली शेवटची बस गेली होती. तुमच्या फोनला रोमिंग नव्हतं, माझा फोन घराच्या वायफायबाहेर मुका. आइस्क्रीमच्या दुकानातल्या बाईने तिचा फोन दिला. टेलिफोन एक्सचेंजमध्ये आयुष्य गेलेलं, नंबर माझ्या तोंडातून आपोआप पडतात, त्यामुळे प्रशिकचा नंबर होता. त्याने फोन उचलला आणि नुसतं विचारलं, "आई, कुठे आहात?" मी सांगितलं. तो म्हणाला, तिथेच थांबा, हलू नका.

नंतर कळलं, की मुग्धाने दुपारी लायब्ररीत फोन केला होता, आणि त्यांनी सगळीकडच्या स्पीकरवरून 'मँगाला' आणि 'नॅलिनाय' नावाच्या दोन बायकांना काउंटरवर बोलावलं होतं. एक चिनी आजी काउंटरवर गेल्याही म्हणे, उगाच, बघू काय आहे म्हणून.

प्रशिक आला तेव्हा तो रागावलेला होता की हसू दाबत होता ते मला त्याच्या पाठीवरून कळलं नाही. गाडीत बसताच तुम्ही त्याला म्हणालात, "प्रशिक, तू इंजिनीअर ना, सांग, मोठ्या बोटीला पाणी जास्त लागतं की नाही?" आपण दोघींनी आळीपाळीने त्याला सगळं समजावलं. तो म्हणाला, "मला ड्राइव्ह करू द्या, प्लीज." त्या दिवसानंतर घरात आपल्याला कुणी एकटं सोडलं नाही. आपण दोघी जिथे जाऊ तिथे इरासकट कुणीतरी बरोबर, जणू आपणच चार वर्षांच्या.

साडी तुम्हाला दिली मी, ड्रायक्लीन करून. तुम्ही ती साताऱ्याला नेलीत. इराच्या वाढदिवसाला व्हिडिओ कॉलवर नेसून बसलात आणि मला म्हणालात, "बघा, शोभते की नाही?" शोभत होती. मी म्हटलं, बरी दिसते. तेवढं कबूल करणं मला जिवावर आलं होतं, म्हणून आज पूर्ण सांगते. माझ्यापेक्षा तुम्हालाच शोभत होती.

तुम्ही साताऱ्याला गेलात, मी नागपूरला गेले, आणि भांडण फोनवर सुरू राहिलं. तुम्ही न्हाणीघरात बादली आणि स्टीलचा डबा घेऊन प्रयोग केलेत. एके सकाळी फोन, नमस्कार नाही, काही नाही, "सापडलं. आपली बोट फिरून खालीही आली होती. उतरताना वरून आत शिरली तेव्हा तिने तेवढंच पाणी परत वरच्या कालव्यात ढकललं. फिटंफाट." मी म्हटलं, बरं, आणि बोट चढताना माल भरून गेली आणि उतरताना रिकामी आली तर? तुम्ही म्हणालात, "ठेवते," आणि फोन ठेवलात. आठवडाभर बोलला नाहीत. आमचे हे विचारायला लागले, तुमच्यात काही बिनसलं का? मी म्हटलं, नाही, विहीणबाई विचार करून राहिल्या.

मग शेवटचा फोन आला. मी इथे यायला निघायच्या आदल्या दिवशी. तुम्ही म्हणालात, उत्तर तयार आहे. मी म्हटलं, सांगा. तुम्ही म्हणालात, "फोनवर नाही जमणार, चित्र काढून दाखवावं लागेल. भेटू तेव्हा." मी म्हटलं, तोंडी सांगा ना, मी समजून घेईन. तुम्ही म्हणालात, "नाही. नीट समजावल्याशिवाय मी सांगत नाही." आता कोण चित्र काढणार, मंगलाताई? प्रशिक म्हणतो, तो सांगू शकेल. मी त्याला सांगितलं, तुझ्याकडून नको.

मुग्धा साताऱ्याहून रोज फोन करते. काल म्हणाली, शेजारपाजारच्या बायका येतात आणि प्रत्येक जण विचारते, ती नागपूरची विहीण कुठाय, जिच्याशी मंगलाताई फोनवर भांडायच्या. कुणी माझं नाव विचारत नाही, जात विचारत नाही, नुसतं भांडण विचारतात. मी ऐकून घेतलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, कारण इराने पाहिलं की ती हजार प्रश्न विचारते.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. त्या बाकावर मी "असू दे" म्हटलं नाही, आणि आजही म्हणणार नाही. ते खरं नाही, आणि तुम्हाला खोटं पटलं नसतं. मुग्धा लग्नात माहेरच्या माणसांशिवाय उभी होती, ते माझ्या डोळ्यांसमोरून जाणार नाही. पण माझ्या उभ्या आयुष्यात असे पुष्कळ लोक भेटले, ज्यांनी आम्हाला दाराबाहेर ठेवलं आणि नंतर सगळं विसरून गेल्यासारखं चहाला बोलावलं. तोंड उघडून, भावांवर न ढकलता, "मीच ठरवलं, ते चुकलं" असं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या. माझ्या समोर, लोणचं खाताना. त्यासाठी मी तुमचे आभार मानले नाहीत, कारण तेव्हा लगेच साडीवरून हसायला लागलो. आता मानते. आणि मुग्धाबद्दल निश्चिंत असा. ती तुमच्यासारखीच बोलते, मधे थांबून माझी वाक्यं दुरुस्त करते, आणि मी ऐकून घेते.

रविवारी इरा सकाळपासून किरकिर करत होती. आई कधी येणार, सातारा आजी कुठे गेली, असं एकामागून एक. प्रशिक म्हणाला, चला, कुठेतरी जाऊन येऊ. कुठे ते कुणी बोललं नाही, आणि गाडी लॉकपोर्टला गेली.

तिथे पाणीच नव्हतं. हिवाळ्यात कालवा रिकामा करतात, दुरुस्तीसाठी, हे आपल्याला ठाऊक नव्हतं. सगळं बंद, बोटी गायब, बारीक बर्फ भुरभुरतंय. इराने कठड्यातून खाली बघितलं आणि विचारलं, "Aaji, who took the water?" मी सांगितलं, थंडीत काढून घेतात, उन्हाळ्यात परत सोडतात. तिला ते ठीक वाटलं.

आणि मंगलाताई, रिकामा हौद पूर्ण दिसत होता. तळापर्यंत. बोटीत तुम्ही किती वाकला होतात त्या दिवशी, पाणी नेमकं कुठून येतं ते दिसावं म्हणून, आणि बोटीवरच्या मुलाने तुम्हाला तीनदा खाली बसवलं होतं. ते आता उघडं पडलेलं आहे. भिंतीच्या अगदी पायथ्याशी ओळीने चौकोनी भोकं, माणूस वाकून शिरेल एवढी. तळाला चिखल, थोडं पाणी साचलेलं, कुणाचा तरी एक बूट. दारांची खालची कडा दिसते, जिथे ती उंबऱ्याला टेकतात ती. उंबरा दगडी नाही, काँक्रीटचा आहे. दारावर गंज आहे, पण दोन्ही दारं मिटतात त्या जोडावर नाही.

मी कठडा धरून बराच वेळ बघत राहिले. प्रशिक म्हणाला, "आई, चल, इराचं नाक लाल झालंय."

मी म्हटलं, "थांब, नीट पाहू दे. मंगलाताईंना सांगायचं आहे."

बोलून गेले आणि मग लक्षात आलं. इराला कडेवर घेऊन प्रशिक माझ्या शेजारी आला, माझ्यासारखाच वाकला, आणि खाली बोट दाखवून म्हणाला, "पलीकडच्या भिंतीलाही भोकं आहेत, आई. तीही सांग."